घरात रंग बदलणारी डायक्रोइक काच लावावी का?

नीलाक्षी
नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं काम काढलंय. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामधली अर्धी भिंत पाडली. तिथे काचेचं पार्टिशन घालायचं ठरतंय आणि आमच्या आर्किटेक्ट ताईंनी डायक्रोइक काच सुचवली आहे.

त्यांनी तळहाताएवढा तुकडा आणून दाखवला. समोरून बघितला तर निळा. जरा तिरका केला की जांभळा. त्यातून पलीकडे पाहिलं तर सगळं घर पिवळं. खिडकीपाशी आडवा धरला तर खाली टेबलावर पिवळा कवडसा आणि त्याच वेळी वर छतावर निळा. एकाच तुकड्यातून एकाच उन्हाचे दोन रंग! मी पंधरा मिनिटं तो हातातून सोडला नाही.

पण हातातल्या तुकड्याचं कौतुक वेगळं आणि सहा फुटांची काच रोज समोर असणं वेगळं. घर पश्चिमेचं आहे, साधारण चार ते सहा ऊन थेट हॉलमध्ये येतं. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि त्यांचा दिवस हॉलमध्येच जातो. नवऱ्याचं म्हणणं की घराचं शोरूम होईल. कुणी घरात लावली आहे का? वर्षभरानंतरही बघावीशी वाटते का?

गृहस्थ
भाव विचारलात का? आमच्याकडे नुसत्या बाथरूमच्या काचेचं कोटेशन आलं आणि आम्ही पडदा लावून मोकळे झालो.

किनारा
अरे वा, आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूमला आहे ही. बटण दाबलं की पारदर्शक, परत दाबलं की दुधी. मस्त असते, बिनधास्त लावा.

काचकाम
किनारा, ती वेगळी. तुम्ही म्हणताय ती विजेवर चालणारी स्विचेबल काच. तिच्यात द्रवस्फटिकांची फिल्म असते. करंट असला की स्वच्छ, करंट गेला की दुधी. म्हणजे लाइट गेली तर मीटिंग रूम आपोआप झाकली जाते. तिसरी एक असते इलेक्ट्रोक्रोमिक, तिच्यात बहुधा टंगस्टन ऑक्साइडचा थर असतो आणि ती हळूहळू गडद होते, मोठ्या तावदानाला काही मिनिटं लागतात. डायक्रोइकला वायर नाही, बटण नाही, काही नाही. ऊन हलतं, माणूस हलतो, रंग बदलतो.

ताई, मी या धंद्यात आहे, भोसरीला आमचं छोटं युनिट आहे. बाजारात डायक्रोइक म्हणून दोन गोष्टी मिळतात. एक, काचेवरच व्हॅक्यूममध्ये टायटॅनियम, सिलिकॉन अशांच्या ऑक्साइडचे थर चढवलेले असतात. ती महाग, आणि मोठ्या मापात सहज मिळत नाही. दुसरी फिल्म. तिच्यात प्लास्टिकचेच शेकडो अतिपातळ थर असतात. थ्रीएम कंपनीची चिल आणि ब्लेझ या नावांनी येते, एक थंड रंगांची, एक ऊबदार. आपल्याकडे घरांमध्ये जे दिसतं ते बहुतेक फिल्मचंच काम.

फिल्म वाईट असते असं नाही. ती कुठे बसते हा खरा प्रश्न. दोन काचांच्या मध्ये घालून लॅमिनेट केली तर तिला हात लागत नाही, ओरखडा येत नाही. तयार काचेवर वरून चिकटवली तर स्वस्त पडते, पण कडा उघड्या राहतात. त्यामुळे कोटेशन आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, फिल्म आत आहे की वर?

अनुपमा_ठाणे
काचकाम दादांच्या शेवटच्या वाक्याखाली मी सही करते. आम्ही तीन वर्षांपूर्वी बाल्कनीच्या सरकत्या दाराला वरून लावून घेतली. लावणाऱ्याने सांगितलं होतं की बाहेरच्या बाजूला चालेल. पहिल्या पावसाळ्यात खालच्या कोपऱ्यात नखाएवढा फुगा दिसला. गणपतीपर्यंत तो पोस्टकार्डाएवढा झाला. मग कड सुटली, तिच्यात धूळ बसली. लेकाला ती सोलायला फार आवडायचं, तेही एक. शेवटी सगळी काढावी लागली, आणि काढताना गोंद काचेवरच राहिला. तो खरवडण्यात माझे दोन रविवार गेले.

पण खरं सांगू? त्या आठ महिन्यांत संध्याकाळी पांढऱ्या टाइल्सवर जो गुलाबी-सोनेरी पट्टा पडायचा त्याची आठवण अजून येते. पुन्हा लावली तर लॅमिनेटेडच लावीन.

प्रकाशकण
सेवानिवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहे, त्यामुळे मला राहवणार नाही. मुलांना मी हे हॅलोजनच्या दिव्यावरून शिकवायचो. शोकेसमध्ये छोटे वाटीसारखे हॅलोजन असायचे ते आठवतात? पुढून पिवळसर पांढरा प्रकाश, पण वाटीच्या पाठीमागून गुलाबी-जांभळी झाक. त्या वाटीला हाच डायक्रोइक थर असतो. दिसणारा प्रकाश पुढे परतवायचा आणि उष्णता मागे जाऊ द्यायची, म्हणजे वस्तूवर उजेड पडतो आणि ती तापत नाही. म्हणजे ही काच आपल्या बाजारपेठेत कित्येक वर्षं होती, आपण तिच्याकडे मागून बघितलं नाही इतकंच.

या काचेत रंगद्रव्य नसतं. एकेक थर केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेली लाट आणि खालच्यावरून परतलेली लाट एकमेकींना भेटतात. ज्या रंगाच्या लाटा एकमेकींत मिळतात तो रंग परत येतो, बाकीचे आरपार जातात. साबणाच्या फुग्यावर आणि पावसात रस्त्यावरच्या ऑइलच्या तवंगावर हेच चालतं. काच जवळजवळ काही गिळत नाही, फक्त वाटणी करते. म्हणून नीलाक्षीताईंच्या छतावर निळा आणि टेबलावर पिवळा. निळा परतला, उरला तो पिवळा. तिरकं बघितलं की परतणारा रंग आखूड लहरींकडे सरकतो, म्हणून निळ्याचा जांभळा झाला.

चष्मा लावणाऱ्यांनी आत्ता चष्मा काढून दिव्यासमोर धरा. हिरवट झाक दिसली तर तोही याच कुळातला थर.

टेकडी
सर, धरला. हिरवी झाक आहे! पंधरा वर्षं चष्मा वापरतोय, आज बघितलं.

येवलेकरीण
हे वाचताना मला आमचं घरच आठवलं. माहेर येवल्याचं, घरात माग होता. धूपछाव पैठणीत ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा. आजोबा गिऱ्हाइकाला साडी सपाट कधीच दाखवायचे नाहीत. पदर हातावर घ्यायचे, मनगट जरा वळवायचे, की घडीच्या वरच्या अंगाला हिरवा आणि खोलगट भागात लाल. बायका म्हणायच्या, "हा नक्की रंग कोणता?" आजोबा म्हणायचे, "नेसलीत की कळेल."

तुमची काचसुद्धा तशीच बघा. सपाट सॅम्पल बघून ठरवू नका. ज्या उजेडात राहणार त्या उजेडात बघा.

प्रकाशकण
येवलेकरीणताई, फार सुंदर. शास्त्र मात्र वेगळं आहे. पैठणीत दोन्ही रंग खरोखर धाग्यात भरलेले आहेत, कोनानुसार कधी हा पुढे येतो कधी तो. मोराच्या पिसात मात्र काचेसारखंच घडतं. पिसातलं रंगद्रव्य तपकिरी असतं, निळा-हिरवा येतो तो आतल्या सूक्ष्म रचनेतून. म्हणजे पदरावरचा मोर एका पद्धतीने चमकतो आणि रानातला दुसऱ्या.

जुनावाडा
मी विरोधात. रंगीत काचच हवी तर आपल्याकडे होती की. आमच्या वाड्यात माजघराच्या दारावर अर्धगोल झरोका होता, त्यात लाल, निळी, पिवळी, हिरवी तावदानं. सकाळी नऊला लाल चौकोन धान्याच्या कोठीवर यायचा. माझ्या लहानपणी तो तिथेच यायचा, आणि वाडा विकला त्या वर्षीही तिथेच. त्या लालवर भरवसा होता. काचेच्या रसातच धातू मिसळलेला असतो, कोबाल्टचा निळा शंभर वर्षांनी निळाच. जी काच इथून एक आणि तिथून दुसरी दिसते तिच्याशी नातं कसं जुळणार?

मुंबईत राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयातल्या काचा बघा. इमारत १८७८ ची. रंग वर्षानुवर्षं टेबलावर पडतोय आणि पोरं त्यात बसून अभ्यास करताहेत.

पोल्डरकर
जुनावाडा, तुमच्या भरवशाच्या मुद्द्यावर माझा अनुभव सांगतो. मी नेदरलँड्समध्ये अल्मेरेला राहतो. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवरचं गाव, इथे जुनं असं काही नाहीच. स्टेशनच्या मागे ला डेफान्स नावाची ऑफिसची इमारत आहे, यूएनस्टुडिओ या वास्तुकारांनी केलेली, २००४ मध्ये पुरी झाली. बाहेरून रुपेरी करडी, दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. पण आत चौकात पाऊल टाकलं की चारी बाजूंच्या भिंती याच फिल्मच्या काचांच्या. तुम्ही चालायला लागलात की पिवळ्याची निळी, निळ्याची जांभळी, लाल, हिरवी होत जाते.

मी नवीन आलो तेव्हा नोव्हेंबर होता. इथला नोव्हेंबर म्हणजे सकाळी आठला अंधार, संध्याकाळी पाचला अंधार, मध्ये करडं. घरची आठवण यायची. जेवणाच्या सुट्टीत मी त्या चौकातून एक चक्कर मारायचो. हळूहळू कळलं की ढगाळ दिवशी ती इमारत एका प्रकारे वागते, पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या, उन्हात तिसऱ्या. आता मी भिंत बघून सांगतो ढग किती जाड आहेत. लाल चौकोन कोठीवर येण्याचा तुमचा भरवसा तो हाच, फक्त तुमचा घड्याळाचा आणि माझा हवामानाचा. आणि वास्तुकारांनी रंग बाहेर मिरवला नाही, आत काम करणाऱ्यांसाठी ठेवला, हे मला फार मोठं वाटतं.

जुनावाडा
पोल्डरकर, हे मनापासून पटलं. बाहेर साधं आणि आत चौकात सगळं वैभव, ही तर आमच्या वाड्याचीच रीत.

मांडवीकाठ
विषय निघालाच आहे म्हणून. गोव्यात आमच्या आजोळी खिडक्यांना काचच नव्हती, शिंपल्याच्या पातळ चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या. रंग म्हणावा तर नाही, पण दुपारी त्यातून जो उजेड यायचा तो दुधासारखा, आणि बाजूने बघितलं की शिंपल्यावर मोत्याची झाक. त्या उजेडात आजीची झोप लागायची. उजेड घरात कसा यावा हे ठरवणं फार जुनं काम आहे.

गृहस्थ
आणि मी पडदा लावून मोकळा झालो! आता परत विचार करावा लागणार.

टेकडी
पार जुनी गोष्ट हवी तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लायकर्गसचा चषक आहे, रोमन, चौथ्या शतकातला. समोरून उजेड पडला तर हिरवा, मागून पडला तर लालभडक. मी २०१८ मध्ये बघितला. तो उजळवून ठेवलाय, पण एक शाळकरी मुलगी टाचा उंचावून, वाकून, सगळ्या बाजूंनी बघत होती आणि तिची आई तिला ओढत होती. मीही त्या मुलीसारखाच बघत बसलो. त्यावर लायकर्गस राजा द्राक्षवेलीत अडकलेला कोरलाय.

प्रकाशकण
टेकडी, त्या चषकाच्या काचेत सोन्या-चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत, थर नाहीत. म्हणून तिथे प्रकाश पुढून येतो की मागून यावर रंग ठरतो, आपल्या काचेसारखा नुसत्या बघण्याच्या कोनावर नाही. त्या कारागिरांना कण दिसणं शक्यच नव्हतं, तरी हात तिथवर पोचला होता.

काचकाम
सर सांगताहेत ते ऐकत राहावं असं आहे, पण ताईंचं काम अडलंय, म्हणून चार गोष्टी साइटवरच्या.

मागे काय आहे ते बघा. काचेमागे गडद भिंत असेल तर परतणारा रंग ठसठशीत दिसतो. मागे लगेच पांढरी भिंत असेल तर आरपार गेलेला रंग भिंतीवरून परत येतो, दोन्ही मिसळतात आणि काच फिकट वाटते. आणि कवडसा हवा असेल तर तो जिथे पडणार ती भिंत मात्र पांढरीच हवी.

रात्री ज्या बाजूला जास्त उजेड, त्या बाजूच्या माणसाला ती आरशासारखी दिसते. हॉलचे दिवे चालू आणि जेवणाचे बंद असतील तर हॉलमधून रंगीत आरसाच दिसेल.

पावसाळ्यात कवडसा विसरा. ढगाळ उजेड सगळीकडून येतो, त्याला सावली नाही तसा कवडसाही नाही. काचेवरची झाक राहते, जमिनीवरचा रंग जातो. पुण्यात वर्षातले तीन-चार महिने हे धरून चाला.

आणि आकार जपून घ्या. मोठ्या मापाच्या मागे लोक लागतात, पण मी बघितलेल्या कामांत छोट्या पट्ट्याच जास्त शोभल्या आहेत.

पोल्डरकर
काचकाम, छोट्या पट्ट्यांवरून आठवलं. अमेरिकेतले जेम्स कार्पेंटर हे या काचेतले मोठे नाव. इंडियानापोलिसमधल्या स्वीनी चॅपेलच्या खिडकीत त्यांनी १९८७ मध्ये या काचेच्या पट्ट्या उभ्या-आडव्या बसवल्या. खिडकीकडे बघण्यापेक्षा समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघण्यासारखं आहे, तिच्यावर रंगाच्या रेघा दिवसभर सरकत जातात. भिंत हीच चित्र आणि काच म्हणजे कुंचला.

अनुपमा_ठाणे
नीलाक्षी, सासूबाईंची दृष्टी कशी आहे? माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी निघाल्यावर ती म्हणाली, "ही चादर एवढी पांढरी होती होय? मला वाटलं तुम्ही नीळ जास्त घातली." डोळ्यातली जुनी भिंगं पिवळी झालेली असतात ना. म्हणून विचारते, रंगांचा खेळ त्यांना कसा दिसेल तेही बघ.

नीलाक्षी
आठवडाभर लिहू शकले नाही, कारण येवलेकरीणताईंचं ऐकलं. आर्किटेक्ट ताईंकडून फूटभर बाय फूटभर सॅम्पल मागून घेतलं आणि त्याच्यासोबत राहिलो.

पहिले दोन दिवस पार्टिशनच्या जागी स्टुलावर ठेवलं. दिवसा ठीक, पण रात्री काचकाम दादा म्हणाले तसंच झालं. जेवताना नवरा पलीकडे पिवळा दिसायचा आणि भाजी पिवळी की हिरवी ते कळेना.

तिसऱ्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर उभं केलं. चारच्या सुमाराला हॉलच्या मधोमध फरशीवर इतका सुंदर पिवळा चौकोन आला, कडेला केशरी. मी फोटो काढायला फोन आणायला गेले. येऊन बघते तर सासूबाई त्या चौकोनाच्या कडेने, भिंतीला हात लावत, जपून जपून चालल्या होत्या. मला म्हणाल्या, "अगं, काहीतरी सांडलंय, पुसून घे, पाय घसरेल." दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत, दिसतं चांगलं. पण जमिनीवर अचानक रंग दिसला तर या वयाचं माणूस आधी पायाचा विचार करणार. हे मला कुठल्याच मासिकातल्या फोटोवरून कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी सांगून ठेवलं होतं तरी त्या चौकोनावर पाय देईनात.

मग नवऱ्याने स्टुलावर चढून ते सॅम्पल खिडकीच्या वरच्या बंद तावदानाला टेपने लावलं. आता चार वाजता कवडसा समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी येतो, ऊन खाली येतं तसा तो वर चढतो आणि पाच-सव्वापाचला सासऱ्यांच्या फोटोच्या उंचीला पोचतो. काल सासूबाईंनी खुर्ची वळवून घेतली आणि तो फोटोपर्यंत जाईस्तोवर जप केला.

तर पार्टिशनला साधी फ्लूटेड, म्हणजे उभ्या पन्हळींची काच. डायक्रोइक फक्त खिडकीच्या वरच्या तावदानात, चार फूट बाय सव्वा फूट, लॅमिनेटेड, फिल्म आत. समोरची भिंत पांढरी राहणार.

येवलेकरीण
नेसून बघितलीत! फार बरं वाटलं वाचून.

प्रकाशकण
ताई, एक लक्षात घ्या. आत्ता हिवाळा आहे, सूर्य नैऋत्येकडे मावळतो. मे-जूनमध्ये तो वायव्येकडे सरकेल आणि मावळेलही उशिरा, म्हणजे कवडसा त्या भिंतीवर बाजूला जाईल आणि चारच्या वेळेला जमिनीवरच असेल. तेव्हा सोफा भिंतीलगत, कवडशाच्या वाटेवर ठेवा, म्हणजे सासूबाईंच्या पायात येणार नाही.

नीलाक्षी
सर, हे सुचलंच नव्हतं. सोफा तसाच ठेवते.

जुनावाडा
वरच्या तावदानात रंग, खाली स्वच्छ काच. म्हणजे झरोकाच झाला की. माझा विरोध मागे.

काचकाम
ताई, समोर इमारत आहे का? पश्चिमेचं ऊन त्या काचेवरून बाहेरही परतणार, खालच्या कुणाच्या बेडरूममध्ये निळा झोत जायला नको. समोर मोकळं असेल तर प्रश्न नाही.

नीलाक्षी
समोर सोसायटीची बाग आहे, गुलमोहर आणि बाकं.

काचकाम
मग उत्तम. माप देताना चौकटीच्या आतून रुंदी तीन ठिकाणी घ्या, वर, मध्ये, खाली. उंचीही तशीच. जुन्या इमारतीत चौकट क्वचितच काटकोनात असते. सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून चारी बाजूंना बीडिंग (काच धरणारी पट्टी) आणि फट बुजवणाऱ्या सिलिकॉनसाठी जागा सोडायला सांगा. दोन्ही काचा टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या, घेणार असाल तर ऑर्डर देण्याआधी माप पुन्हा एकदा बघा, टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, घासताही येत नाही. कडेला पाणी साचणार नाही असं सिलिकॉन भरून घ्या. पुसायला मऊ कापड आणि साधं पाणी.

नीलाक्षी
सुतारकाका उद्या सकाळी टेप घेऊन येताहेत. तीन ठिकाणी माप घ्यायला मी शेजारी उभी राहते.